यांना विचारून कळवते

नाशिक,
१२ जून १९८३

चि. सौ. इरावती हिला,

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. तुझ्या गेल्या काही अंतर्देशीय पत्रांच्या डोक्यावर 'ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.' एवढंच लिहिलेलं आहे. साष्टांग म्हणजे आठ अंगं जमिनीला टेकवणं. मी अक्षरं मोजली, पाच भरली. उरलेली तीन अंगं जबलपुरात कुणाकडे ठेवायला दिलीस? संक्षेप हा शास्त्राचा गुण आहे असं मीच तुला शिकवलं, कबूल. पण नमस्काराचा संक्षेप, त्याखालच्या मजकुराचाही संक्षेप, म्हणजे बापाच्या वाट्याला टपाल खात्याचा निळा कागद तेवढा पूर्ण आला. 'येथील सर्व ठीक. शाळा ठीक चालू आहे. हवा गरम आहे.' जबलपूरची हवा जूनमध्ये गरम असते हे मला आमच्या भूगोलाच्या मास्तरांनीही सांगितलं असतं.

तुझी आई म्हणते, पोरीला टोचू नका, घरचं करून शाळेत शिकवायला जाते ती, दमत असेल. म्हणून तक्रार मागे घेतो आणि कामाचं बोलतो.

आपल्या अध्यापक सोसायटीच्या रस्त्याला एकही झाड नाही हे तुला ठाऊक आहे. द्वारका चौकातला रिक्षावाला इकडे यायला कुरकुरतो. लांब आहे म्हणून नाही, इथे ऊन आहे म्हणून. आता सामाजिक वनीकरणवाले रोपं फुकट देणार आहेत. कुठली पाहिजेत ते आपण ठरवायचं. त्यासाठी समिती नेमली आणि तिचा अध्यक्ष मला केलं, कारण संस्कृतच्या माणसाला झाडांची माहिती असते अशी लोकांची समजूत आहे. मला झाडांची नावं पाठ आहेत. झाडं पाठ नाहीत. पण हे सभेत बोलण्याची वेळ निघून गेली होती.

खंडेराव बोराडे तुला आठवत असतील, कोपऱ्यावरचे, ज्यांचे टेम्पो पिंपळगाव बसवंतला कांदा घेऊन जातात. ते म्हणाले, "निलगिरी लावा सर. तीन वर्षांत गच्चीच्या वर जाईल."

त्यांच्या लताबाई मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "आणि सावली? ती पिंपळगावला पडणार का?"

"मग तू सांग, काय लावायचं."

"वड. दर वटपौर्णिमेला बाजारातून फांदी आणायची, कुंडीत खोचायची आणि तिच्याभोवती फिरायचं. माझ्या फेऱ्या व्हायच्या आत ती मान टाकते. असले सात जन्म काय कामाचे?"

"माझ्यासाठीच मागतेस ना?" खंडेराव म्हणाले. "मग फांदीवरच भागव."

आपले शेजारी निवृत्ती गांगुर्डे, रेल्वेच्या तिकीट खिडकीवरचे, कधी सभेत बोलत नाहीत. ते म्हणाले, "एक पिंपळ असू द्या सर. बुद्धपौर्णिमेला मुलं विचारतात, पप्पा, झाड कुठंय. मी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवतो."

खंडेरावांनी लगेच हरकत घेतली. पिंपळ भिंती फोडतो, शिवाय त्याच्यावर मुंजा बसतो.

निवृत्ती शांतपणे म्हणाले, "मुंजा तुमचा, भिंत माझी. मला चालेल."

मला स्वतःला बकुळ हवी आहे. का, ते सांगता येत नाही. शब्द चांगला आहे.

तेव्हा बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र, पहिला वर्ग, अशा व्यक्तीने आता निवाडा द्यावा. या वयात माझ्याच्याने लोकांशी भांडण होत नाही. निलगिरी का नको, एवढं जरी शास्त्रोक्त कळवलंस तरी माझा अर्धा शीण जाईल.

आई विचारते, कधी येतेस.

— बाबा

नाशिक,
२९ जून १९८३

इरू,

सगळ्या तक्रारी मागे. पाकीट भरून पत्र आलं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, वर मुळांची आकृती. आईने आधी वाचलं, मग मी, मग आईने पुन्हा. तिला त्यातलं काही कळलं नाही, तरी ती म्हणाली, "बघा, ही आपली इरू." मी विचारलं, मग आधीची कोण होती. तर म्हणाली, "तुम्हाला सगळ्याची थट्टा सुचते," आणि आत गेली.

रविवारी सभा होती. आदल्या रात्री आपण क्रिकेटचा विश्वचषक जिंकल्यामुळे सुरुवातीला झाडांचा विषयच निघेना. शेवटी मी तुझं पत्र मोठ्याने वाचलं. निलगिरी पाणी पिते आणि सावली देत नाही, हे ऐकून लताबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू तोही तसाच आहे. गुलमोहर दिसायला छान पण वाऱ्यात मोडतो, हे ऐकून दोन निवृत्त मुख्याध्यापकांचं तोंड उतरलं. विजेच्या तारांखाली कांचन, समोरच्या बाजूला करंज आणि कडुनिंब, वळणावर बहावा; वड आणि पिंपळ दोन्ही मोकळ्या मैदानाच्या टोकाला, घरांपासून लांब. 'म्हणजे भिंती गांगुर्डेकाकांच्याही वाचतील आणि मुंजा बोराडेकाकांपासून दूर राहील.' हे वाक्य मी दोनदा वाचलं. सभेने दुसऱ्यांदा वाचायला लावलं म्हणून. बकुळीबद्दल 'लावा, पण तुम्हाला धीर धरता येत नाही' असं लिहिलंस, ते मात्र मी गाळलं.

आता माझ्या फजितीचं ऐक. मागणीच्या कागदावर एक जागा शिल्लक होती. मला वाटलं, एक तरी झाड असं असावं की ज्याचं नाव आयुष्यभर शिकवलं पण जे कधी पाहिलं नाही. मी लिहिलं, मंदार. स्वर्गातल्या पाच वृक्षांपैकी एक. काही टीकाकार त्याला पांगारा म्हणतात, तांबड्या फुलांचा. आपल्या रस्त्यावर तांबडी फुलं पडली असती.

दोन दिवसांनी रोपवाटिकेचा लहानू पवार दारात. कळवणकडचा माणूस, जिभेला हाड नाही.

"गुरुजी, मंदार म्हंजे रुईच ना? मारुतीला पानं वाहतात ती?"

"नाही. हा मंदार वेगळा."

"वेगळा कोनता?"

"स्वर्गातला."

त्याने मागणीचा कागद उलटून बघितला. मग म्हणाला, "तिथली नर्सरी आपल्याकडं नाय. आपली नाल्याकाठची हाय. लय हाय. टेम्पो भरून देऊ का?"

आई दारामागे पदर तोंडाला लावून उभी होती. संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झालं की गायधनी सरांनी रस्त्याच्या कडेला रुई मागवली. खंडेराव भेटले की 'शनिवारचे सर' म्हणतात.

श्रावणात मंगळागौरीला येशील ना? आईने फुलांसाठी मळ्यातल्या गोजराबाईला आत्ताच सांगून ठेवलंय. अविनाशरावांना माझं वेगळं पत्र हवं असेल तर तसं लिही, लिहितो. विहीणबाईंना नमस्कार.

— बाबा

नाशिक,
७ ऑगस्ट १९८३

इरू,

रोपं लागली. माझी कंबर त्याच दिवशी गेली, अजून आलेली नाही. शाळेत बसून शिकवतो. नववीच्या मुलांना त्यात काही वेगळं वाटत नाही, ती गुणांसाठी संस्कृत घेतात, मी उभा असलो काय आणि आडवा असलो काय.

रुईवरून तू जे लिहिलंस ते वाचून मी स्वतःच हसलो. 'बाबा, तुम्ही स्वर्गातलं झाड मागितलंत आणि उकिरड्यावरचं आलं. तिचा चीक डोळ्यांत गेला तर माणूस ओरडत सुटेल. स्वर्गाचं नाव असलं म्हणून दारात नका हं लावू.' आईला हे वाक्य फार आवडलं. ती आता मला कशावरही 'स्वर्गाचं नाव असलं म्हणून' म्हणते. काल भाजीत मीठ जास्त झालं तेव्हा मीही म्हणून घेतलं.

पण पत्राचा उत्तरार्ध मला नीट लागला नाही. तू लिहितेस, 'सकाळी लवकर उठलं जातं. सगळ्यांचं करून होतं. मग झोपलं जातं.' भावे प्रयोग मीच शिकवला, पण तुला इतका आवडेल असं वाटलं नव्हतं. उठतं कोण? झोपतं कोण? वाक्याला कर्ता असावा, इरू. नसला तरी चालतं व्याकरणात. घरात कसं चालतं ते ठाऊक नाही.

शिवाय मंगळागौरीबद्दल एक अक्षर नाही. गेल्या पत्रातल्या सगळ्या गोष्टींना उत्तर आहे, अगदी खंडेरावांच्या 'शनिवारचे सर'लासुद्धा. एवढ्या एकाच प्रश्नाला नाही. आई म्हणते राहून गेलं असेल. मीही तसंच म्हणालो. उद्या-परवा श्रावण लागेल. गोजराबाई फुलांचं विचारून गेली. आईने तिला सांगितलं, अजून कळायचंय.

बरं, आता आपल्या दारचं. सगळ्यांच्या फाटकासमोर एकेक रोप लागलं. आपल्या फाटकासमोरचा खड्डा मी रिकामा ठेवला आहे. लहानू म्हणाला, "गुरुजी, पावसाचं पानी भरतंय त्यात, डास होतील." मी म्हणालो, आमच्या घरचं झाड आमची मुलगी ठरवणार आहे. तो म्हणाला, "लवकर ठरवा म्हनावं, पावसाचं दिवस संपल्यावर मंग लावून काय उपेग."

तेव्हा फक्त एक शब्द कळव. नमस्कारासकट सगळं गाळलंस तरी चालेल. झाडाचं नाव.

— बाबा

नाशिक,
२० सप्टेंबर १९८३

चि. सौ. इरावतीस,

तुझं कार्ड पोचलं. सहा आठवड्यांनी पोचलं, पण पोचलं.

आधी इकडचं सांगतो. पलीकडच्या मळ्यातल्या शेळ्यांनी कांचन खाल्ला, करंज अर्धा खाल्ला, कडुनिंबाची चव घेऊन तो सोडून दिला. लताबाई काठी घेऊन मैदानाच्या टोकाशी बसतात, वडाच्या राखणीला. मी म्हटलं, एवढा त्रास कशाला घेता. म्हणाल्या, "सर, सात जन्मांचा प्रश्न आहे." खंडेरावांनी स्वतः बाभळीच्या काट्या तोडून आणल्या आणि रोपांना कुंपण केलं, निलगिरी हरल्यापासून माणूस नरम पडला आहे. निवृत्तींच्या पिंपळाला कुणी हात लावला नाही. शेळ्यांनीही नाही. बहाव्याला पाणी मी स्वतः घालतो, सकाळ-संध्याकाळ बादली. बादली जड होत चालली आहे. बादली तीच आहे.

आता तुझं कार्ड. मी विचारलं होतं की आपल्या दारात कुठलं झाड लावावं. तू लिहिलंस, 'झाडाबद्दल यांना विचारून कळवते.'

मी हे कार्ड आईला वाचून दाखवलं नाही. ती विचारत होती, मी म्हणालो, ठीक आहे, कामात आहे. नंतर तिने ते माझ्या खिशातून काढून वाचलं असावं, कारण जेवताना तिने पुन्हा विचारलं नाही.

यावर मी काहीतरी गमतीचं लिहायला बसलो होतो. जावईबापू विक्रीकर खात्यात आहेत, झाडांवर कर कधीपासून लागला, असं काहीतरी. लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं आणि कागद बदलला. कॉलेजात असताना डोंगरावर जाऊन तू पिशवीभर पानं आणायचीस, ओळखता आलं नाही की सरांशी भांडायचीस. एकदा पुस्तकातली आकृती चुकली आहे असं पत्र तू प्रकाशकाला लिहिलं होतंस. त्यांनी उत्तर दिलं नाही म्हणून दुसरं लिहिलंस.

अविनाशरावांना विचार, जरूर विचार. पण तू काय म्हणतेस, तेही कळव.

खड्डा अजून रिकामा आहे. पाऊस कमी होतोय.

— बाबा

नाशिक,
२४ ऑक्टोबर १९८३

चि. सौ. इरावतीस अनेक आशीर्वाद.

निवृत्ती गांगुर्डे रेल्वेच्या प्रशिक्षणासाठी जबलपूरला आले होते ते परत आले. तुमच्याकडे जाऊन आलो म्हणाले. सगळे ठीक आहेत असं त्यांनी सांगितलं. त्यांच्याबरोबर आईने दिलेला मेतकुटाचा डबा पोचला, हेही सांगितलं. ऐकून बरं वाटलं.

दारात मंदार लावावा, तो पवित्र असतो, असं अविनाशरावांनी सुचवलं आहे, हे तुझ्या पत्रावरून कळलं. मंदार पवित्र खराच. सूचनेबद्दल त्यांचे आभार मानावेत. विचार करतो.

इकडे हवा चांगली आहे. झाडं ठीक आहेत. दिवाळीला येणं जमलं तर आनंद होईल. नाही जमलं तर समजू शकतो.

विहीणबाईंना, अविनाशरावांना सप्रेम नमस्कार.

— बाबा

नाशिक,
१२ नोव्हेंबर १९८३

इरू,

दिवाळी झाली. तू आली नाहीस. आईने चकल्या केल्या, डब्यात भरल्या, आणि पाडव्याला गोजराबाईच्या मुलांना दिल्या.

मागचं पत्र तुला विचित्र वाटलं असेल. मलाही वाटलं. इतकं सभ्य पत्र मी शिक्षणाधिकाऱ्यांनाही लिहिलेलं नाही. का लिहिलं ते सांगतो, पण त्याआधी, जे कुणी हे पत्र इरूच्या आधी वाचत असतील त्यांना माझा नमस्कार. बसून वाचा. लांब आहे.

निवृत्ती परत आले ते सरळ आपल्याकडे आले नाहीत. दोन दिवस आपल्या घरासमोरून जाताना मान खाली घालून गेले. तिसऱ्या दिवशी तुझी आई फाटकात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, आत या. चहा घ्या आणि जे आहे ते सांगा."

ते बसले. म्हणाले, "वहिनी, ताई ठीक आहेत. बारीक झाल्यात जरा."

मी विचारलं, "काय बोलली?"

"त्या नाही बोलल्या सर. त्यांच्या सासूबाई बोलल्या. मी ताईंना विचारायचो, उत्तर सासूबाई द्यायच्या. मी म्हटलं, शाळा कशी चाललीय? तर सासूबाई म्हणाल्या, शाळा कधीच सोडली तिनं, घर कोण बघणार."

इरू, तुझ्या प्रत्येक पत्रात 'शाळा ठीक चालू आहे' असं आहे. मी ती पत्रं पुन्हा काढली. वाक्य खोटं नाही. शाळा चालूच असेल. तू तिथे जातेस असं तू कुठेही लिहिलेलं नाही.

मग निवृत्ती म्हणाले, "मी सांगितलं, रस्त्याची झाडं ताईंच्या पत्रावरून लागलीत. तर ताईंनी आधी सासूबाईंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, मी कुठे, बाबाच करतात सगळं. सासूबाई हसल्या. म्हणाल्या, गायधनी सरांची पत्रं आम्ही सगळे वाचतो. मुलगा जेवताना मोठ्यानं वाचून दाखवतो. फार मजेशीर लिहितात."

एवढं सांगून त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "मला चहा काचेच्या ग्लासात आला, बाकीच्यांना कपात. ते जाऊ द्या सर, त्याची सवय आहे मला. ताईंनी तो ग्लास आणताना वर बघितलं नाही, ते नीट वाटलं नाही."

तुझी आई उठून आत गेली आणि त्यांच्यासाठी कपात दुसरा चहा घेऊन आली. पहिलाही कपातच होता. त्यांनी तो प्यायला.

ते निघाले तेव्हा तू फाटक लावायला आलीस म्हणे. आणि हळूच एकच विचारलंस, "बहावा जगला का?" ते हो म्हणाले. तू म्हणालीस, "बाबांना सांगा, पाणी कमी घाला. माणसं मायेनं मुळं कुजवतात." निवृत्ती म्हणाले, "तेवढं मात्र वहिनी, अगदी आपल्या ताई बोलल्या."

मी बादली एक वेळ केली आहे.

आता मंदार. ऑगस्टमध्ये रुईवरून तू मला अर्धं पान हसलीस. दारात लावू नका म्हणालीस. ऑक्टोबरमध्ये त्याच अक्षरात लिहून आलं, 'यांनी सांगितलं आहे की दारात मंदार लावावा, पवित्र असतो.' मी हे वाक्य किती वेळा वाचलं ते सांगत नाही. एक अर्थ असा की तुला सांगितलं आणि तू लिहिलंस, मान खाली घालून, जसा ग्लास आणलास. दुसरा असा की तू मुद्दाम लिहिलंस. तिथल्या कुणाला कळणार नाही, मला कळेल, की दारात लावू नये ते लावलं गेलं आहे. इतकी वर्षं मी मुलांना श्लेष शिकवला. एका शब्दात दोन अर्थ कसे ओळखायचे ते फळ्यावर काढून दाखवलं. आणि माझ्याच मुलीच्या एका ओळीत एक अर्थ आहे की दोन, ते मला सांगता येत नाही.

मी आईला विचारलं. तिचं संस्कृत शुभंकरोतीवर थांबलेलं आहे. ती म्हणाली, "एक असू दे नाहीतर दोन. दोन्हींचा अर्थ एकच, आपण जायचं."

मी म्हणालो, असं अचानक कसं जायचं, काय कारण सांगायचं.

"मुलीचं घर आहे. कारण कशाला?"

"ते बोलू देणार नाहीत तिला."

"तुम्ही ओसरीवर बसा, तुमचं मजेशीर बोला. मी आत स्वयंपाकघरात जाऊन बसते तिच्याजवळ. विहीण आहे मी, मला आत जाऊ नका म्हणून बघू दे कुणी." मग ती म्हणाली, "आणि तुम्हीही जास्त मजेशीर बोलू नका."

निवृत्तींनी नाशिकरोडहून तिकिटं काढून दिली आहेत. हे पत्र आणि आम्ही एकाच आठवड्यात पोचू. आधी कोण, ते रेल्वे आणि टपाल यांनी आपसात ठरवावं. अविनाशरावांनी हे जेवताना मोठ्याने वाचायला हरकत नाही. यात आम्ही काही मागत नाही. मुलीला बघायला येतोय, आणि तिला चार दिवस माहेरी यायचं असेल तर घेऊन येणार आहोत. परतीची तीन तिकिटं काढली आहेत.

तीन काढायची की दोन, यावर मी निवृत्तींच्या समोर खिडकीपाशी बराच वेळ उभा राहिलो. मागचे लोक ओरडायला लागले तेव्हा मी तीन म्हणालो.

इरू, जूनपासून मी तुला झाडांबद्दल लिहितो आहे. रस्त्याला सावली नाही हे खरं, शेळ्या आहेत हेही खरं. पण झाड कुठलंही लागलं तरी मला आता फरक पडत नाही. मला तुझ्या सासरच्यांची भीती वाटत नाही. ते काय म्हणतील ते म्हणोत, तुझी आई बघून घेईल. रागावतील, त्याचीही नाही. मला भीती वाटते ती एकच. मी तिथे येऊन बसेन, पाणी घेऊन तू पुढे येशील, मी सगळ्यांच्या देखत साधं विचारेन, इरू, येतेस का आमच्याबरोबर. आणि तू उत्तर देण्याआधी आत बघशील.

— बाबा